दुसरी गोळी

संकष्टीचा उपास असलेली नीता ऑकलंडच्या हॉस्पिटलात नवऱ्याच्या रिपोर्टसाठी थांबली होती. जप ओठांतच चालू होता. शेजारच्या बाकावर ऋचा आणि क्षितिज मराठीत बोलत होते. ऋचाच्या नवऱ्याच्या, श्रीनाथच्या डोक्याचं ऑपरेशन आत सुरू होतं.

"शिकारीचं रिव्हॉल्व्हर, आणि इथे रिव्हॉल्व्हरनं शिकार करायलाच बंदी. मग ठेवता कशाला, भावजी?"

"क्लबात नेम मारायला, वहिनी."

"पण श्रीनाथनं झाडलेली गोळी त्याच्याच डोक्यात कशी गेली?"

"पहिली गोळी सुटली की झटका जबर असतो. नळी उसळून तोंडाकडे येते, आणि घाबरून बोट पुन्हा दाबलं जातं."

"मला दिलंत तेव्हा एकच गोळी भरली होती."

"नवख्याला एकच देतात."

"मग श्रीनाथला?"

"तो म्हणाला, ऋचाला एक, मलाही एकच?"

"आणि तुम्ही दुसरी भरलीत."

"हसत हसत भरली, वहिनी."