भीमाआत्यानं घेतलेलं नाव

सन्माननीय अध्यक्ष गणपतरावजी, आज या दवाखान्याचा निरोप घेणारे आपले डॉक्टरसाहेब मनोहरराव, त्यांच्या सौ. पुष्पलताबाई, मंचावरची थोर मंडळी आणि धंतोलीच्या या उकाड्यात पंख्याखालची जागा पकडून बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी शालिकराम. शाळा अर्धी सोडली, गावं मात्र पुष्कळ पाहिली. बोलता बोलता भरकटतो, तेव्हा घंटी जवळ असू द्या.

बहात्तर सालची गोष्ट. कळमेश्वरची माझी भीमाआत्या संत्री तोडताना शिडीवरून डोक्यावर पडली. तिला इथे डॉक्टरसाहेबांकडे आणलं. साहेबांनी पहिल्यांदा आम्हालाच दटावलं, "नातेवाइकांनी मध्ये बोलायचं नाही." मग तिला विचारलं,

"बाई, नवऱ्याचं नाव काय?"

आत्यानं पदर पुढे ओढला.

"मुलं किती?"

"देवाची किरपा हाये."

"आज तारीख कोणती?"

"परवा बाजार झाला नं गा."

साहेब मला म्हणाले, "स्मृती गेलेली दिसते. आत रक्त साचलं असावं. सकाळी कवटी उघडावी लागेल."

आता सांगा, मी काय बोलणार? मला तर आत्याचं एकही उत्तर चुकलेलं वाटलं नव्हतं! चारचौघांत नवऱ्याचं नाव कोण घेतं? लेकरं मोजून कोण दाखवतं? पण आम्हाला मध्ये बोलायची बंदी!

तेवढ्यात पुष्पलताबाई डबा घेऊन आल्या. दारातून म्हणाल्या, "अहो, जेवता का?" मग नर्सबाईंना, "ह्यांना सांगा, भाजी गार होऊन राहिली."

साहेब थबकले. "पुष्पलता, माझं नाव काय?"

"इश्श! दवाखान्यात काय हे?"

साहेब खाटेशी परतले, स्टूल ओढून बसले. "आत्याबाई, नाव घ्या."

आत्या लाजली, डोक्याची पट्टी चाचपली, अन्...

"दवाखान्याच्या खाटेवर पांढरी चादर,
रुपरावाचं नाव घेतो, राखून डॉक्टरचा आदर!"

सगळा वॉर्ड हसला. साहेब म्हणाले, "जागा ओळखते, माणूस ओळखते, यमकही जुळवते. डोकं शाबूत आहे." दोन दिवस नजरेखाली ठेवलं आणि घरी धाडलं.

साहेब विलायतेत शिकले. तिथं बायका नवऱ्याला नावानंच हाक मारतात म्हणे, तिथं तो प्रश्न सोपाच. आमच्याकडे तोच लाजेचा. अक्कल सगळ्यांना असते हो, तिनं कोणत्या दारानं बाहेर यायचं ते घरची रीत ठरवते. साहेबांनी दार बदलून पाहिलं, म्हणून आत्या आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. मी नाशकाला होतो तेव्हा... जाऊ द्या, घंटी वाजेल.

ऐकून घेतलंत, उपकार झाले. जीभ कुठं घसरली असेल तर दोष आत्याच्या शिडीला द्या, मला सांभाळून घ्या.

हो, आत्याचा एक निरोप राहिलाच. "शालिक, डॉक्टरीणबाईनं अजून नाव नाही घेतलं गा."

पुष्पलताबाई, माईक इथेच ठेवतो. नाही घेतलंत तरी कवटीची भीती नाही.