आजारी बाई

कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई पिशवी सांभाळत बसली होती. तिची धाकटी बहीण आतून बाहेर आली.

“काय झालं गं आत?”

“ताई, ह्यांच्या वकिलाने माझ्या जुन्या शिलाई कारखान्यातल्या सुपरवायझरबाईंना साक्षीला आणलं.”

“पोरीच्या ताब्याशी त्यांचा काय संबंध?”

“त्यांना विचारलं, हिला कामावरून का काढलं? त्या म्हणाल्या, हाताला सफाई आहे, पण बाई सारखी आजारी. दर महिन्याला खाडा.”

“आजारी कसली? तू तर इथे तारखेला यायचीस!”

“तसं तिथे सांगू? नवऱ्याशी कोर्टात भांडतेय म्हटलं असतं, तर शिलाईच्या बायकांनी जेवणाच्या सुट्टीत डब्याबरोबर मलाच चघळलं असतं. म्हणून कधी चक्कर, कधी पोटदुखी.”

“मग?”

“मग वकील म्हणाला, जिला मशीनवर बसवत नाही, ती पोरगी काय सांभाळणार?”

“अगं, खरं सांगून टाकायचंस ना!”

“सांगितलं. तर म्हणतो, म्हणजे बाई खोटारडीही आहे.”

“देवा! इकडे आड, तिकडे विहीर.”

“पोरगी जाते गं ताई हातातून.”

“असं नको बोलूस. निदान नवी नोकरी तरी आहे ना? आजची रजा दिली त्यांनी?”

“दिली.”

“काय सांगितलंस?”



“ताप आलाय म्हणून.”