पहिली सही

(सिंगापूर, पुंगोलचा फ्लॅट, दुपार. झाडांची तपासणी करणारी आर्बरिस्ट मधुवंती आणि तिचे वडील निशिकांत, आलापल्लीचे निवृत्त वनपाल.)

निशिकांत: म्हणजे ते झाड काढायचं हे तू लिहून दिलंस?

मधुवंती: हो, बाबा. बुंधा आतून पोकळ झालाय. यंत्रानं तपासलं, मग दोर लावून स्वतः वर चढले. खाली मुलं खेळतात.

निशिकांत: सही प्रबोधसाहेबांची?

मधुवंती: माझी. सर्टिफिकेट नव्हतं तोवर मी नुसती मोजमापं घ्यायचे. झाड ठेवायचं की काढायचं, ते प्रबोध सर लिहायचे. आता अहवाल माझ्या नावानं जातो. हा पहिलाच.

निशिकांत: आणि पहिलंच नेमकं नंदाचं झाड.

मधुवंती: टॅम्पिनीसला राहायचो तेव्हा आई रोज संध्याकाळी त्या रेन ट्रीखालीच असायची. ती गेल्यापासून मी त्या रस्त्यानं जायचंच टाळत होते.

निशिकांत: मग साहेबांना सांगायचंस, दुसऱ्या कुणाला द्या.

मधुवंती: त्यांनीच विचारलं होतं. मी नाही म्हटलं. वाटलं, मी गेले तर काहीतरी वाट काढेन. फांद्या हलक्या करू, आधार देऊ. सगळं करून पाहिलं कागदावर. नाही जमलं.

निशिकांत: माझ्याकडे शिक्क्याचा हातोडा असायचा. ज्या सागावर शिक्का उठला, तो तोडायचा. लग्न नवीन होतं तेव्हा नंदा एकदा हट्टानं जंगलात आली. दिवसभर मागे मागे फिरली. घरी आल्यावर म्हणाली, "शिक्का मारायच्या आधी तुम्ही झाडाला हात लावता. ते मला आवडलं."

मधुवंती: हे कधी सांगितलं नाहीत.

निशिकांत: मीही विसरलो होतो गं. मला तर ती म्हणेपर्यंत हात लावतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

मधुवंती: मी खाली उतरले, पण दोर सोडवेना. तशीच बुंध्याला टेकून उभी राहिले. सोबतची माणसं वाट बघत होती.

निशिकांत: बघू दे. कधी काढणार?

मधुवंती: उद्या सकाळी.

निशिकांत: नंदाशेजारी एक चिनी आजी बसायच्या. अजून तिथेच राहतात?

मधुवंती: तिथेच, खिडकी झाडासमोरच आहे त्यांची. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं एक अक्षर कळायचं नाही, तरी हसत बसायच्या.

निशिकांत: मग चल, आत्ताच त्यांच्याकडे जाऊन येऊ. उद्या खिडकी उघडण्याआधी त्यांना कुणीतरी सांगायला हवं.