जॅकवर जोडलेल्या पट्ट्या

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत ती गॅरेजच्या बाकावर टेकली, तोच शेजारी नवऱ्यासोबत बसलेल्या म्हातारीची कुरकुर कानावर आली.

“पट्ट्याच भिकार निघाल्या. गाडीचं चांगलं लागणारं दार, आता बोटभर फट राहते.”

“पट्ट्या उत्तम आहेत, काकू,” जुन्या गाडीखालून बाहेर येत मेकॅनिक म्हणाला. “मास्तरांनी स्वतः निवडल्यात. बिनछपराच्या गाडीला खालून एवढा आधार हवाच, नाहीतर खड्ड्यात सांगाडा पिळवटतो.”

“मग बिजागरी गेली असेल.”

“असेल. बघतो.”

“बिजागरी नवी आहे,” म्हातारीचा नवरा म्हणाला. “काय रे, पट्ट्या वेल्ड करण्याआधी काय करायचं? शिकवलं होतं ना तुला?”

“जाऊ द्या ना मास्तर. वेल्डचे टाके कापून परत जोडतो.”

“विचारलंय ते सांग.”

“गाडी चाकांवर उभी करायची. दोन्ही दारं लावायची. नाहीतर सांगाडा वाकलेला असेल तसाच पक्का होतो.”

“आणि मी गाडी जॅकवर असताना जोडल्या, दारं उघडी टाकून.”

“कुणाकडूनही होतं, मास्तर.”

“तुझ्याकडून झालं असतं तर पाना फेकून मारला असता.”

“मारला होतात. खूण आहे अजून.”

म्हातारी हसली. “वय झालं की व्हायचंच हो एखाद्या वेळेस.”

“एखाद्या वेळेस नाही गं. परवा आपल्याच गल्लीत मी घर शोधत होतो. मला विसरायला होतंय. तू घाबरशील म्हणून बोललो नाही.”