भिंतीमागचं पिकलबॉल

मोठा नाही हो तो आवाज, तिथेच तर सगळी गोम आहे. मोठा असता तर एव्हाना पोलीस येऊन गेले असते, कोणीतरी बंद करायला लावला असता, आणि मला कोणी विक्षिप्त म्हातारा म्हटलं नसतं. एवढासा आवाज आहे. टॉक. बस्स. तुम्ही म्हणाल, एवढंच? मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं, एवढंच. पण मग दुसरा टॉक येतो, आणि तो कधी येणार हे तुम्हाला माहीत नसतं. टॉक... टॉकटॉक... आणि थांबतो. म्हणजे तो थांबतो, तुम्ही नाही थांबत. तुम्ही चहाचा कप ओठाशी धरून बसता, आता येईल, आता येईल... येत नाही, म्हणून निर्धास्त होऊन घोट घेता, आणि तेवढ्यात टॉक. चहा शर्टावर.

तुम्हाला सांगतो, इथे ॲरिझोनात, चँडलरला हे घर घेतलं तेच मुळी शांततेसाठी. सगळी नोकरी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात, पंख्यांच्या घरघरीत गेली. रिटायर झालो तेव्हा म्हटलं, आता कानांनाही पेन्शन द्यायची. घराच्या मागे भिंत, भिंतीमागे कॉलनीचा पार्क, पार्कात दोन टेनिस कोर्टं. तिथे दोन म्हातारे यायचे, एकदा बॉल मारायचे आणि मग बराच वेळ तो शोधायचे. इतका सुंदर खेळ मी आयुष्यात पाहिला नाही. आणि मग एक दिवस रंगारी आले, पट्टे मारले, जाळ्या लावल्या, आणि दोन टेनिस कोर्टांची झाली आठ पिकलबॉल कोर्टं.

पिकलबॉल माहितीये ना? लोणच्याशी काही संबंध नाही, मीही आधी तेच विचारलं होतं. टेनिस आणि टेबलटेनिस यांचं लग्न लावलं आणि जे पोर झालं ते पिकलबॉल, आणि पोर एकदम रडकं. भोकंभोकं असलेला प्लॅस्टिकचा कडक बॉल, लाकडी पाटासारखी कडक बॅट, आणि कडकावर कडक आपटलं की टॉक. आठ कोर्टं, एकेका कोर्टावर चार माणसं. आणि आपल्या ॲरिझोनात उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत खेळायचं, म्हणजे पहाटे साडेपाचला सुरू. हौशी माणसं सगळी. मोटारींचे दिवे लावून उजाडायची वाट बघतात.

मी गेलो एचओएकडे. म्हणजे कॉलनीची सोसायटी हो, आपल्याकडच्या सोसायटीसारखीच, फक्त इथे भांडण हसत हसत करतात. तिचा प्रेसिडेंट गॅरी, भला माणूस, खांद्यावर हात ठेवून बोलतो. मला हेमचंद्र म्हणता येत नाही म्हणून हेम म्हणतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, हेम, आवाज तर सगळ्यांनाच येतो, त्रास तुलाच कसा होतो?

आता याला काय उत्तर आहे, तुम्हीच सांगा. मिरची सगळ्यांच्याच पानात असते, ज्याला ठसका लागतो त्याला आपण पाणी देतो ना? त्याला विचारतो का, की बाबा, तुलाच कसा लागला?

मुलीला फोन केला. देवयानी सांता क्लाराला असते. म्हणाली, बाबा, जस्ट गेट इअरप्लग्ज यार. आणले. कानात घातले. तर बाहेरचा टॉक कमी झाला आणि स्वतःचं हृदय ऐकू यायला लागलं, धप, धप, धप... म्हणजे आता पिकलबॉल आतच सुरू झालं. हे तिला सांगितलं तर तीही तेच, बाबा, आईला पण ऐकू येतंच ना, मग तुम्हालाच कसा त्रास होतो?

आई. म्हणजे माझी बायको, वसुधा. आता तिचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

वसुधा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. रिटायर झाली आणि कशी कोण जाणे, विझत गेली. गुडघे दुखतात, कुठे जायला नको, पडदे ओढलेले, टीव्ही लावलेला पण लक्ष नाही. मी काही बोललो की ‘हं’. शुगर वाढत चाललेली. मैत्रिणींचे फोन यायचे तेही ती उचलेना. मी घाबरलो होतो, खरं सांगतो, पण घाबरलोय हे म्हणायचं कोणाला? त्यात हा टॉक. मी तिला म्हटलं, वसुधा, तू जाऊन सांग त्यांना, माझं ऐकत नाहीत, तू गोड बोलतेस. निदान तेवढ्या निमित्ताने ती घराबाहेर पडेल, हाही एक हिशोब होता मनात.

गेली. बराच वेळ आली नाही. मी भिंतीशी कान लावून उभा. आणि काय झालं असेल? तक्रार करायला गेलेली बाई बॅट घेऊन परत आली! गाल लाल, घामाघूम, केस विस्कटलेले. म्हणते, अहो, तिथल्या एका लिंडाने मला उभंच केलं कोर्टात, आणि माझा एक बॉल पलीकडे गेला. मी विचारलं, आवाजाचं काय झालं? तर म्हणाली, अय्या, ते राहिलंच.

झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे गेली, तिसऱ्या दिवशी गेली. गुडघ्याला पट्टा बांधून गेली, मग पट्टाही सुटला. लिंडा तिची पार्टनर. क्लबचा निळा टी-शर्ट आला. खेळून झालं की सगळ्यांचा एकत्र डबा, तिचे कांदेपोहे, त्यांचे केक. घरात ती गुणगुणायला लागली हो, किती वर्षांनी. आणि मी आत उशी डोक्यावर घेऊन पडलेला. त्या आठ कोर्टांतला कुठला टॉक आपल्या बायकोचा, हे ओळखण्याचा प्रयत्न करत.

आमची डॉक्टर सुहासिनी, आपल्यातल्याच, आम्ही दोघं एकदमच जातो तपासायला. तिने दोघांचे रिपोर्ट समोर धरले आणि म्हणाली, काकू, तुमची शुगर इतकी छान खाली आली, काय करता तुम्ही? आणि काका, तुमचं बीपी इतकं वर गेलंय, तुम्ही काय करता? म्हटलं, आम्ही दोघं एकच गोष्ट करतो, पिकलबॉल. ही खेळते, मी ऐकतो.

ती हसली, पण मग खुर्ची पुढे घेऊन तिने नीट समजावलं. म्हणाली, काका, आवाज किती मोठा यापेक्षा तो कसा येतो हे शरीर बघतं. एकसारखा असेल तर त्याची सवय होते. अचानक, तुटक, बेभरवशाचा असेल तर शरीराला वाटतं काहीतरी धोका आहे, आणि ते दर वेळी तयारीत राहतं. तुम्ही झोपेत असलात तरी. तुम्हाला वाटतं तुम्ही झोपलात, पण हृदय पहाऱ्यावर असतं. मी वसुधाकडे बघितलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

आणि मला एकट्यालाच नाही हो. आमच्या भिंतीवर वसंतात लावा पक्षी येऊन बसतो. डोक्यावर पुढे झुकलेला तुरा, मोठा ऐटबाज. नर भिंतीवर बसून जोडीदारिणीला साद घालतो, मग मे महिन्यात बोगनवेलीखालून पिल्लांची आगगाडी निघते. यंदा तो आला. रोज सकाळी बसून ओरडायचा, आणि अर्ध्या सादेत टॉक. दचकायचा, मान फिरवायचा, पहिल्यापासून सुरू करायचा. पुन्हा टॉक. मी खिडकीतून बघायचो. तिला ऐकू तरी गेलं असेल का, देव जाणे. काही दिवसांनी तो यायचा बंद झाला. यंदा पिल्लं नाहीत. हे गॅरीला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, हेम, पक्षी तर बाकीचेही आहेत, त्रास त्यालाच कसा झाला?

शेवटी एचओएची मीटिंग लागली. कम्युनिटी हॉल भरलेला. एका बाजूला निळे टी-शर्टवाले, त्यात माझी बायको. दुसऱ्या बाजूला मी आणि अजून काही तुरळक माणसं, एकमेकांपासून लांब लांब बसलेली, जणू काही ओळख दाखवायची लाज वाटतेय. मी मोठी तयारी केली होती. फोनवर आवाज मोजला होता, तक्ते काढले होते, रंगीत प्रिंट. उभा राहिलो, बोललो. लोक फोन बघायला लागले. गॅरीने प्रेमाने सांगितलं की माझ्याच तक्त्याप्रमाणे आवाज नियमात बसतो. स्वतःचा पुरावा स्वतःवर उलटलेला माणूस बघायचा असेल तर मला बघा.

मी खाली बसलो तर मागून एक बाई उठली. रमोना. पार्कच्या पलीकडच्या बाजूला राहते, हॉस्पिटलमध्ये नर्स, आयसीयूत कायम रात्रपाळी. सकाळी घरी येऊन झोपायचं, आणि तेव्हाच हे सुरू. तिच्या हातात कागद नव्हता, तक्ता नव्हता. आवाजाविषयी ती फारसं बोललीच नाही. म्हणाली, मला बरेच महिने सलग झोप नाही. परवा कामावर जाताना सिग्नलला माझा डोळा लागला. मागच्या गाडीने हॉर्न दिला म्हणून मी जागी झाले. त्यानंतर मी जाऊन ज्यांच्या सलाईनमध्ये औषध सोडते ना, ती माणसं माझ्या भरवशावर झोपलेली असतात. मला माझीच भीती वाटते.

एवढं बोलून बसली.

आणि निळ्या रांगेतून वसुधाने हात वर केला. मला वाटलं, संपलं, आता ही क्लबच्या बाजूने बोलणार. ती म्हणाली, नऊच्या आधी इथे खेळायचं नाही, आणि मऊ बॉलनेच खेळायचं, असा नियम करा. लिंडा तिच्याकडे बघतच राहिली. कारण आपल्याला माहितीये ना, उन्हाळ्यात नऊ वाजता त्या कोर्टावर पोळी भाजता येते. नऊच्या आधी नाही म्हणजे चार-पाच महिने खेळच नाही. हे वसुधालाही माहीत होतं, बाकी सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. मतदान झालं, थोडक्याच मतांनी, पण नियम झाला.

आम्ही गाडीत बसून निघालो. मनात राग होता, लपवत नाही. मी इतके दिवस कानीकपाळी ओरडतोय, त्याचं काही नाही, आणि रमोना दोन मिनिटं बोलली तर हिचा हात वर. घराच्या ड्राइव्हवेत गाडी थांबवली तरी ती उतरेना. मग म्हणाली, “अहो, तुम्हालाही असंच होत होतं?”

“मग मी काय सांगत होतो इतके दिवस?”

“तुम्ही आवाजाबद्दल सांगत होतात,” ती म्हणाली. “तिने स्वतःबद्दल सांगितलं.”

आता बोला. खरंच, भीती वाटते, दचकतो, छातीत धडधडतं, हे मी बायकोला एकदाही म्हटलं नव्हतं. मी टॉक टॉक म्हणत होतो. आपण पुरुष माणसं ना, दुखणं सांगायचं सोडून दुखण्याचा पत्ता सांगतो.

नियम लागू झाला. क्लबातल्या बऱ्याच जणांनी वसुधाशी बोलणं टाकलं, लिंडाने ग्रुपमधून काढलं. दोघीचौघी तेवढ्या धरून राहिल्या. आणि पहिल्या सकाळी मी जागा झालो तो कशाने? शांततेने. इतकी शांतता की मी घाबरून उठून बसलो. शेजारी वसुधा नव्हती. स्वयंपाकघरात गेलो तर ही खुर्चीवर बसलेली, दिवा न लावता. बूट घातलेले. सवयीने उठली, तयार झाली, आणि मग जायला जागाच नाही. मला बघून म्हणाली, तुमची झोप मोडेल म्हणून चहा टाकला नाही.

तो मागचा काळ डोळ्यांसमोर आला, ओढलेले पडदे, ते ‘हं’. ज्या शांततेसाठी मी वर्षभर भांडलो, ती ही अशी, बूट घालून अंधारात बसलेली.

मी विचारलं, दुसरीकडे कुठे कोर्ट नाही का? म्हणाली, आहे ना, फ्रीवेच्या पुलापाशी, गोदामांच्या मागे. आसपास कोणाचं घर नाही, वरून ट्रक जातात, तिथे कितीही खेळा. त्या दोघीचौघी आता तिथेच जातात. पण लांब आहे, आणि मला फ्रीवेवर ड्राइव्ह करायचा धीर होत नाही. हे ती तक्रारीने म्हणाली नाही हो. नुसतं सांगितलं. मी चपला शोधल्या.

तेव्हापासून हे असं आहे. लांब जायचं म्हणजे लवकर निघायचं, म्हणून पावणेपाचला उठतो. ती खेळते, हसते, ओरडते, तिचा आवाज ट्रकांच्या घरघरीतही ऐकू येतो. मी गाडीत बसतो, काचा वर, एसी लावून, डोक्यावरून अख्ख्या अमेरिकेचा माल धडधडत जातोय. कधी पेंगतो, कधी नुसताच तिच्याकडे बघतो. बरं चाललंय.

परवा रमोना भेटली पार्कात. चेहरा टवटवीत, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेलेली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, हेम, आपल्याकडे सकाळी आता किती शांत असतं, नाही?

मी म्हटलं, असेल बुवा. मी घरी नसतो ना.