सोबत आलेला मामा

नांदेडच्या एका कॉलेजात एमबीएच्या मुलाखती चालल्या होत्या. अनिमेष बाहेरच्या बाकावर आपल्या नंबराची वाट बघत बसला होता. शेजारी रेणापूरहून आलेले बाप-लेक सराव करत होते. बाप विचारायचा, लेक उत्तर द्यायची.

"वडील काय करतात?"

"ते वारले, सर. दोन वर्षं झाली."

"खाली बघू नको. कशानं वारले?"

"हार्ट अटॅकनं... पप्पा, मी आत खरं सांगते. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात म्हणते."

"येडी हाईस का? क्लासच्या सरानं फॉर्मात तसंच लिहिलंय ना?"

"मला न विचारता लिहिलं. म्हणे, गरिबी समदेच सांगतात. मेलेल्या बापाची छाप पडते."

"मग पडू दे की छाप. आता खोटं निघालं तर तुझं वरीस जाईल. म्हणल्यानं माणूस मरतो व्हय?"

"आईला काय सांगितलंत?"

"काहीच न्हाई. म्हणून तर आणलं न्हाई तिला. कपाळभर कुंकू लावून बसली असती इथं."

लेक हसली नाही. तेवढ्यात दार उघडलं.

"तनुजा वैजनाथ माने! सोबत कोण आलंय?" शिपायानं विचारलं.

"मामा हाय मी तिचा," बाप उठून म्हणाला.

तनुजा त्याच्या पाया पडायला वाकली. तो झटकन मागं सरला.

"अगं, भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं. मामा पडतो भाचीच्या."

आणि शिपायादेखत वाकून त्यानं लेकीच्या पायांना हात लावला.