दुकानाला नवरा हवा

प्वेब्ला शहरातल्या कारंज्यावर पाण्याला रांग लागली होती. पाणक्या मेल्चोर पुढच्या दोघींचं बोलणं ऐकत उभा होता. एक धोबीण कातालिना, दुसरी मेणबत्तीवाल्याची विधवा होसेफा.

"वर्षाच्या आत लग्न केलं नाहीस तर मेणबत्तीवाल्यांचे पंच दुकानाला टाळं लावतील म्हणे?"

"लावतील. दुकान पुरुषाच्याच नावावर हवं."

"अगं, पण मेणबत्त्या तर तूच करायचीस. तुझे हे काय करायचे?"

"टोपी घालून दारात बसायचे. पंच आले की मोठ्यांदा खोकायचे, म्हणजे मी आत पळायची."

"एवढंच?"

"शेवटी शेवटी पंच नसले तरी खोकायचे. त्यातच गेले."

"मग आता कसला नवरा बघतेस?"

"बसता येणारा. टोपी आहे घरात."

मागे मेल्चोरने घागर खाली ठेवली आणि मोठ्यांदा खोकून पाहिलं.